डॉक्टरांची मागणी

डॉक्टर म्हशींशी अहो-जाहो करून बोलायचे.

"अहो बाई, पाय घ्या जरा तिकडं. सुई टोचणार हाय, आधीच सांगायलो. मागून म्हणू नका सांगितलं न्हाई म्हणून."

आणि म्हैस खरोखर पाय बाजूला घ्यायची. मग ते तिच्या मानेवर हात ठेवून थोडा वेळ नुसते उभे राहायचे. ती कान हलवायची. मी दवाखान्याच्या खिडकीत कॉम्प्युटरसमोर बसून हे बघायची, आणि मला त्या म्हशीचा हेवा वाटायचा. आज लिहिताना हसू येतंय, तेव्हा येत नव्हतं.

तसे ते डॉक्टर नव्हतेच. पाटोद्याला जनावरांच्या दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक होते. पण आजूबाजूच्या सगळ्या गावांत त्यांना डॉक्टरच म्हणत, आणि ते दर वेळी दुरुस्ती करत, "डॉक्टर न्हाई, सुपरवायझर." या दुरुस्तीचा कधी काही उपयोग झाला नाही आणि त्यांनी ती कधी सोडलीही नाही.

त्यांचे वडील मेंढरं राखायचे. सगळं लहानपण कळपामागं, उघड्या माळावर गेलेलं. त्यामुळं असेल, छताखाली त्यांना फार वेळ बसवत नसे. कागद लिहायचे तरी अंगणातल्या लिंबाखाली, स्टुलावर. खिशात कायम गुळाचा खडा, बैलांसाठी. उंच, काटकुळे, पँटची एकच बाजू मोज्यात खोचलेली. दुसरी का नाही, असं कुणी विचारलं तर म्हणायचे, "गाडीची चैन एकाच बाजूला असती." कुणी 'मुकं जनावर' म्हटलं की मात्र चिडायचे. "मुकं न्हाई ते. तुमालाच ऐकू येत न्हाई."

मी त्या दवाखान्यात कंत्राटावर होते. जनावरांच्या कानात पिवळे बिल्ले मारतात, त्यांचे नंबर कॉम्प्युटरवर चढवायचं माझं काम. वय तेहतीस. लग्न झालेलं, केजला. मांडवात सगळा गाव जेवला होता. दोन वर्षांनी नवऱ्यानं मला पिशवीसकट एसटी स्टँडवर आणून सोडलं आणि म्हणाला, "थोडे दिवस माहेरी राहा." न्यायला तो आला नाही. मीही कधी विचारायला गेले नाही. आई आणि मी, दोघी पाटोद्यात राहत होतो.

डॉक्टर गावातल्या प्रत्येक बाईला ताई म्हणत. चहावाल्या आजीला ताई, सहावीतल्या पोरीलाही ताई. मला मात्र मॅडम. या एका शब्दावर मी केवढा इमला बांधला होता, ते माझं मलाच माहीत.

आता त्यांच्या बसण्याबद्दल सांगायला हवं, कारण लोक त्यांना ओळखायचे ते त्यासाठीच.

मोटारसायकलच्या कॅरिअरला एक सतरंजी कायम बांधलेली. कुठं काही खटकलं की रजा टाकायची, ज्याच्याकडं मागणी आहे त्याच्या दारात सतरंजी अंथरायची आणि बसायचं. घोषणा नाहीत, सोबत माणूस नाही. आपल्याकडं लोक उपोषणाला बसतात. डॉक्टर जेवायला बसायचे. भाकरी, ठेचा, कांदा, ताकाची बाटली असा भरपूर डबा घेऊन यायचे आणि ज्याच्याविरुद्ध बसलेत त्यालाच म्हणायचे, "या, दोन घास खावा."

"उपाशी माणसाला लोक भिऊन देतेत," ते म्हणायचे. "माझा जीव जाईल म्हणून देऊ नका. पटलं म्हणून द्या. पटंस्तोवर मी जेवत बसतो."

दवाखान्यासमोरच्या गुरांच्या बाजारात एक पाण्याचा हौद होता, सदा कोरडा. जनावरं दिवसभर उन्हात उभी राहायची. डॉक्टर त्या हौदातच सतरंजी टाकून बसले. बाजाराला आलेली माणसं हौदाभोवती गोळा झाली, हसली, काहींनी फोटो काढले. तिसऱ्या बाजारी टँकर आला आणि डॉक्टरांना हौदातून उठावं लागलं. त्या दिवशी त्यांच्या डब्यात शेंगदाण्याची चटणी होती ती माझ्या घरची. कुणी ती तोंडात टाकून "वा!" म्हणालं की मी खिडकीतल्या खिडकीत खूश.

एकदा मी विचारलं, "डॉक्टर, असं बसून होतं तरी काय? निम्म्या वेळा काहीच मिळत नाही तुम्हाला."

"सुपरवायझर," ते म्हणाले. मग म्हणाले, "मॅडम, मिळंलच असं न्हाई. पण आपुन मागायलोत हे तर दिसतं. मागितलंच न्हाई तर लोकाला वाटतं, ह्याला नकोच हाय."

त्या रात्री माझा डोळ्याला डोळा लागला नाही. मला वाटलं, हे आपल्याला उद्देशून आहे. आपण काही मागत नाही, म्हणून त्यांना वाटतंय आपल्याला नकोच आहे. आमच्या शेळीला त्या आठवड्यात काही झालं नव्हतं, तरी आईनं त्यांना शेळी बघायला बोलावलं. आईच्याही मनात तेच होतं. त्यांनी शेळी बघितली, म्हणाले, "ह्या तर ठणठणीत हायत." मग बसून तीन भाकरी खाल्ल्या. आई मला स्वयंपाकघरात कोपरानं ढोसून म्हणाली, "माणूस साधा हाय गं." गल्लीच्या तोंडाशी त्यांच्या गाडीचा आवाज आला की मी हातातलं काम सोडून उभी राहायला लागले होते.

मग आमच्या बोअरची मोटार जळाली.

बाजारपेठेच्या मागच्या बाजूला दत्ताचं वाइंडिंगचं दुकान होतं. दत्ता पालीकडचा, बिंदुसरा धरणाजवळच्या एका खेड्यातला. पस्तिशीचा, गोल चेहऱ्याचा, भरघोस मिशांचा, कमी बोलणारा माणूस. मी मोटार रिक्षात घालून गेले, तर दुकानात डॉक्टर. मोडक्या खुर्चीत बसलेले, हातात तांब्याच्या तारेचं रीळ. दत्ता समोर बसून तार गुंडाळत होता आणि ओठांतल्या ओठांत वेढे मोजत होता. डॉक्टर तार सोडत होते, हळूहळू, ताण बसू न देता. आणि गप्प होते.

मी त्यांना गप्प बसलेलं कधी बघितलंच नव्हतं. ते म्हशीशी बोलत, झाडाशी बोलत, सुईच्या बाटलीशी बोलत. पण दत्ता मोजत होता, त्याचं मोजणं चुकू नये म्हणून हा माणूस, छताखाली, वार्निशच्या वासात, तोंड मिटून बसला होता. आणि त्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते बघून माझं पाऊल आत पडेना. मी मोटार दारातच ठेवली आणि घरी आले. आईला म्हटलं, "शेळी बघायला आता कुणाला बोलवू नको."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मीच विषय काढला.

"दत्ताच्या दुकानात काय करता तुम्ही?"

"तार धरतो."

"आणखी?"

"आणखी काय. त्याला बघतो." त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "मॅडम, तुमाला सांगायचंच होतं. दत्ताला आन मला लग्न करायचंय."

"दोघांना? कुणाशी?"

"एकमेकाशी."

लिंबावर कावळे ओरडत होते. दुसरी कुणी बाई असती तर मी मनातल्या मनात तरी भांडले असते. तिची साडी, तिचा रंग, तिच्या हातची भाजी, सगळ्याला नावं ठेवली असती. दत्ताशी काय तुलना करणार? त्याच्या मिशांशी? मला हरवणाऱ्या माणसाबरोबर मी शर्यतीत सुद्धा नव्हते. मग मी भांडले ते लग्नाशी.

"लग्नात काय ठेवलंय एवढं? माझं झालंय ना, बघा की."

डॉक्टरांना राग आला नाही. "तुमाला वाईट मिळालं. आमाला न्हाईच म्हणतेत. दोन्ही तकलीफा येगळ्या हायत, मॅडम." मग म्हणाले, "उद्या दत्ता बेमार पडला तर मी त्याचा कोण? गिऱ्हाईक? मला नातं पायजे. सांगता येईल असं."

मी त्यांच्या डब्यात चटणी देणं बंद केलं. त्यांनी विचारलं नाही. त्याचाही मला राग आला.

दिल्लीतल्या मोठ्या कोर्टाचा निकाल आला तो दिवस मला आठवतो. डॉक्टर एका कालवडीचा पाय बांधत होते आणि मोबाइल लिंबाच्या फांदीला अडकवून बातम्या लावल्या होत्या. कोर्ट म्हणालं, असं लग्न आम्ही देऊ शकत नाही, कायदा करणं हे संसदेचं काम. डॉक्टरांनी पट्टीची गाठ मारली, कालवडीला गूळ दिला आणि हात धुतले. खरं सांगायचं तर ती बातमी ऐकून मला बरं वाटलं होतं. वाटलं, संपलं आता. आता हे गप्प बसतील, दत्ताच्या घरचे दत्ताचं लग्न लावतील, आणि मग कुणी सांगावं.

"न्हाई म्हणाले," डॉक्टर टॉवेलला हात पुसत म्हणाले. "पण न्हाई म्हणायला का व्हईना, आमचं नाव काढावं लागलं. उद्यापास्नं रजा, मॅडम."

तहसीलच्या फाटकासमोर सतरंजी पडली. सोबत एक पुठ्ठा, त्यावर जाड अक्षरात: 'मला लग्न करायचे आहे. कायद्याने करू द्या.'

आता आमच्याकडं लग्नाची पोरं किती खोळंबलीत ते सगळ्यांना ठाऊक आहे. शेती करणाऱ्याला कुणी मुलगी देत नाही. पुठ्ठा वाचून आधी एक आला, मग दुसरा, दुपारपर्यंत सतरंजीवर जागा उरली नाही. "बरोबर हाय डॉक्टर, आमालाबी कुणी पोरी देईनात! बसा, आमी हावोत!" त्यांनीच चहा मागवला. एकजण तर सरकारनं पोरी द्याव्यात अशी घोषणा द्यायला लागला. डॉक्टरांनी त्याला खाली बसवलं आणि शांतपणे सांगितलं, "बाबांनो, माझं ठरलंय. वाइंडिंगवाल्या दत्ताशी. तेवढं कायद्यात बसंना."

मग एकेकजण चप्पल शोधायला लागला. कुणी हसला, कुणी थुंकला, एकजण "काय बे हे डॉक्टर!" म्हणत निघून गेला. सोयाबीनवाला एक दांडगा पोरगा तेवढा बसून राहिला. लोकांनी त्याला हाका मारल्या. तो म्हणाला, "आमचं जमतच न्हाई. ह्यांचं जमलंय तरी देईनात. ह्यांची तर जास्तच बोंब हाय की. बसतो मी." आणि त्यानं डॉक्टरांच्या डब्यातली भाकरी मोडली.

हे सगळं मी रस्त्यापलीकडून बघत होते. पेरूच्या गाड्याआड. तिथं आधीच एकजण उभा होता, तोंडावर गमछा ओढून. दत्ता.

"तुमीबी बघायला आलाव?" तो म्हणाला.

"तुम्ही का बसला नाहीत?"

"लाज वाटती." तो मान खाली घालून म्हणाला. "आन दादा हाय गावाकडं. राजकारणातला माणूस. त्याच्या कानावर गेलं तर..."

माझ्या तोंडात शब्द आले होते. आपल्यासाठी एक माणूस भर रस्त्यावर बसलाय, सगळ्या गावाच्या थुंकीत बसलाय, आणि हा पेरूआड उभा आहे! मला असा माणूस मिळाला असता तर मी त्याच्या मांडीला मांडी लावून बसले असते. माझ्यासाठी कुणी उंबऱ्यावर सुद्धा बसलं नव्हतं. पण मी दत्ताच्या तोंडाकडं बघितलं, आणि तो इतका घाबरलेला होता की मी ते शब्द गिळले. दोघंही एकाच माणसाकडं बघत उभे राहिलो.

दत्ताच्या दादाच्या कानावर जायचं ते गेलंच. तहसीलसमोरच्या बसण्याची चित्रफीत फोनवर फिरली. तो जीप घेऊन आला, दुकानाला कुलूप लावलं आणि दत्ताला गावी घेऊन गेला. पाठोपाठ बातमी आली, दत्ताला मुलगी बघितलीय, बोलणी पक्की होतायत.

डॉक्टर माझ्या टेबलासमोर येऊन उभे राहिले. छताखाली, आपण होऊन.

"मॅडम, मागणी घालायला जायचंय. आपल्यात बाईमाणूस लागतं संगट. माय गेली माझी, बहीण न्हाई. तुमी येता का?"

मागणी घालायला! हाच शब्द मी किती दिवस त्यांच्या तोंडून ऐकायची वाट बघत होते. आणि तो आला तो असा. मी नाही म्हणणार होते. ओठांवर आलं होतं. पण या माणसानं सगळ्या जिल्ह्यात दुसऱ्या कुणाला विचारलं नव्हतं, मला विचारलं होतं. मी आईची चांगली साडी नेसले आणि गेले. त्या गाडीवर मागं बसायचं माझ्या किती दिवस मनात होतं. बसले ती या कामासाठी. सतरंजीचं टोक वाऱ्यानं माझ्या पायावर आपटत होतं.

दत्ताचं घर गावाच्या कडेला, पुढं मोठं अंगण. डॉक्टरांनी दारासमोर सतरंजी टाकली, नारळ आणि पेढ्याचा पुडा मध्ये ठेवला आणि आवाज दिला, "पाव्हणे आलेत!"

दादा बाहेर आला. कडक इस्त्रीचे पांढरे कपडे. बघताच त्याचा चेहरा काळा-निळा झाला.

"तू? माझ्या दारात? लाज न्हाई का बे तुला? ऊठ, न्हाईतर हातपाय मोडीन!"

"मोडा," डॉक्टर म्हणाले. "पर आधी ऐकून घ्या. मी दत्ताला पळवायला आलेलो न्हाई. रीतीनं मागायला आलोय. त्यानं माझ्या तोंडावर न्हाई म्हणावं, मी गाडीला किक मारतो. त्यानं सांगावं. तुमी न्हाई."

दादा शिव्या देत राहिला. शेजारचे गोळा झाले. दत्ता घरात होता, दाराला बाहेरून कडी नव्हती, पण तो येत नव्हता. मी डॉक्टरांशेजारी पदर सावरून बसले होते. दुपार चढली. डॉक्टरांनी डबा उघडला आणि भाकरीचा तुकडा मोडला.

तेवढ्यात दत्ताची आई बाहेर आली. ठेंगणी, सुरकुतलेली, कपाळ मोकळं. ती डब्याकडं बघत उभी राहिली.

"माझ्या दारात बसून शिळी भाकर खातोस व्हय रं? गाव काय म्हणंल आमाला?" आणि आत जाऊन तिनं ताट आणलं. गरम भाकरी, वांग्याचं कोरड्यास. ताट तिनं आपटल्यासारखं ठेवलं, पण ठेवलं. मग माझ्याकडं वळली. "आन तू कोण गं ह्याची?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. दादा सुद्धा थांबला. मी कोण होते? कुणीच नव्हते.

"मी यांच्याकडची," मी म्हटलं.

म्हातारीनं मला पाण्याच्या निमित्तानं गोठ्यात नेलं. तिथं तिनं माझा हात धरला. "बाई, खरं सांग. तू तर चांगली हायस. मग ह्यानं तुला कावून मागितलं न्हाई?"

मी रडणार नाही असं ठरवून गेले होते. "नाही मागितलं, मावशी. आणि बरं झालं," मी म्हटलं. बरं झालं हे खोटं होतं. पुढचं खरं होतं. "मी केजला नांदलेय. नवऱ्याच्या मनात मी नव्हते, घरच्यांनी लावून दिलेलं होतं. तो मारायचा नाही, शिव्या द्यायचा नाही, नुसता माझ्याकडं बघायचा नाही. दोन वर्षं. तुम्ही जी मुलगी बघितलीय ना, ती रोज नवीन बांगड्या घालून दत्ताच्या समोर उभी राहील. आणि तो भिंतीकडं बघेल. तिनं काय केलंय तुमचं?"

म्हातारीनं माझा हात सोडला नाही. तिला काय आठवलं देव जाणे, पण तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

आम्ही अंगणात परत आलो तेव्हा दत्ता दारात उभा होता. तोंडावर गमछा नव्हता. तो पायऱ्या उतरला, शेजाऱ्यांमधून चालत आला आणि सतरंजीवर डॉक्टरांच्या बाजूला बसला. मी जिथं बसले होते, त्याच जागी.

"ऊठ!" दादा ओरडला.

"दादा, मी बसलोय," दत्ता म्हणाला. आवाज अगदी बारीक होता, पण अंगणात सगळ्यांना ऐकू गेला. "मला मारा. मी उठणार न्हाई."

दादानं हात उगारला. म्हातारी मध्ये आली. "मारू नको. आन त्या पोरीच्या बापाला फोन लाव. जमत न्हाई म्हणून सांग."

"माय, तू ह्याला व्हय म्हणतीस?"

"व्हय म्हणत न्हाई मी. मला कळत न्हाई हे काय हाय ते. पर परक्याच्या लेकीचं वाटोळं माझ्या हातानं व्हायला नको." मग ती डॉक्टरांकडं वळली. "नारळ घेऊन जा तुझा. पेढे ठेव."

येताना गाडीवर दत्ता मागं बसला. मी बीडपर्यंत प्रवासी जीपनं आणि तिथून एसटीनं आले. खिडकीशी बसून मी मनात एकच गोष्ट घोळवत होते: तो पायऱ्या उतरत होता तेव्हा डॉक्टर त्याच्याकडं ज्या नजरेनं बघत होते ती नजर.

मग दोघं वाइंडिंगच्या दुकानामागच्या खोलीत एकत्र राहायला लागले. गिऱ्हाईक थोडं तुटलं, मग मोटारी जळायला लागल्या तसं परत आलं. डॉक्टरांना वरून ताकीद मिळाली, आणि पुढं बदली झाली, लांब हिंगोलीकडं. दत्तानं दुकान मोडलं आणि हत्यारं टेम्पोत भरली. जायच्या आधल्या आठवड्यात डॉक्टर म्हणाले, "मॅडम, बीडला लग्नाचा अर्ज देऊन येतो. घेणार न्हाईत, ठाऊक हाय. पर साक्षीदार पायजे म्हणतेत. याल?"

याही वेळी गेले. सवयच झाली होती म्हणा.

नोंदणीच्या कार्यालयातले कारकून भले गृहस्थ होते. अर्ज वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, "साहेब, मला यात अधिकारच नाही हो. कायद्यात नवरा आणि नवरी असं लिहिलंय. मी काय करू?"

"तुमी काहीच करू नका," डॉक्टर म्हणाले. "न्हाई म्हणून लिहून तेवढं द्या. आमी मागितलं व्हतं एवढं कळंल."

ते लिहून होईपर्यंत आम्ही बाकावर बसलो. पुढच्या टेबलाशी एक मुलगा आणि मुलगी उभी होती. विशीतली असतील. मुलीच्या हातात मोगऱ्याचा गजरा होता, डोक्यात माळायचा राहून गेलेला. दोन्ही घरचं कुणी नव्हतं. तीन साक्षीदार लागत होते, दोनच आलेले. तिसऱ्याचा फोन लागत नव्हता. मुलगा घामाघूम झाला होता, मुलगी रडायच्या बेतात. अधिकारी म्हणत होते, "वेळ संपत आलीय. कुणी तरी आणा, नाहीतर पुढच्या वेळी या."

मुलानं वळून बघितलं. बाकावर आम्ही तिघं. तो डॉक्टरांजवळ आला आणि म्हणाला, "काका, एक सही कराल का? तुमचं काही जाणार नाही."

डॉक्टर उठले. खिशातून ओळखपत्र काढलं, टेबलाशी गेले, आणि जिथं बोट दाखवलं तिथं नीट, सावकाश सही केली. अधिकाऱ्यांनी शिक्का मारला. मुलीनं वाकून डॉक्टरांच्या पाया पडायला सुरुवात केली तर ते मागं सरकले. "राहू द्या, ताई. सुखानं राहा." मुलानं तिच्या डोक्यात गजरा माळायचा प्रयत्न केला, त्याला जमेना, दोघं हसायला लागली. मग हातात हात घालून जिना उतरून गेली. सगळं मिळून चहा प्यायला लागतो तेवढा वेळ.

डॉक्टर तिथंच उभे होते. त्या रिकाम्या जिन्याकडं बघत. दत्ता खाली मान घालून बसला होता. आणि मला डॉक्टरांचा चेहरा दिसत होता. हौदात बसताना, तहसीलसमोर, दादाच्या शिव्या खाताना, कधीही न बघितलेला. पण मला तो ओळखू आला. बघताक्षणी ओळखू आला, कारण मी तो किती महिने दवाखान्याच्या खिडकीच्या काचेत बघत होते.

ते येऊन माझ्या शेजारी बसले. मग दत्ताला ऐकू जाऊ नये इतक्या हळू, म्हणाले,

"मॅडम, लई जळतं हो."

"माहीत हाय मला," मी म्हटलं.